मास्तरांनी पाडलेली भिंत

बेचाळीसच्या पावसाळ्यात आमच्या यजमानांनी तुरुंगात जायचं ठरवलं, तेही अगदी तयारीनिशी. वळकटी बांधली. तिच्यात दोन धोतरं, टकळी, दंतमंजनाची पुडी आणि मी केलेले डिंकाचे लाडू ठेवले. कैद्याजवळचे लाडू काढून घेतात की खाऊ देतात, हेही त्यांनी पारनेरातल्या एका जाणत्या गृहस्थांना विचारून घेतलं होतं. हे लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते, तेव्हा कुठलीही गोष्ट नीट चौकशी करूनच करायची सवय.

बाजाराच्या दिवशी ते चावडीसमोरच्या पारावर उभे राहिले आणि इंग्रज सरकारविरुद्ध बोलले. मी लांबून, एका भाजीवालीच्या मागे उभी राहून ऐकत होते. भाषण चांगलं झालं. पण लोकांना बाजार उरकून गावोगाव परतायचं होतं, त्यामुळे ऐकणारे थोडे आणि वाट मागणारे जास्त. फौजदार आला, त्याने यांना खाली उतरवून घेतलं आणि ठाण्यात नेलं. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. संध्याकाळी हे वळकटीसकट परत आले. सोबत एक शिपाई होता आणि शिपायाच्या हातात हुकूम होता. पुढचा हुकूम होईपर्यंत मास्तरांनी घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. शिपाई सकाळ-संध्याकाळ येऊन हजेरी घेईल.

यांच्याबरोबरच्या दोघांना विसापूरच्या तुरुंगात पाठवलं होतं. यांना घरी. हा अपमान यांना फार लागला. रात्री जेवताना म्हणाले, "उद्या मी हुकूम मोडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच हुकूम मोडला. टोपी घालून उंबरठा ओलांडला आणि रस्त्यावर उभे राहिले. शिपाई समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. तो उठला, यांच्या कोपराला धरून म्हणाला, "चला मास्तर, आत चला. बाईंनी च्या टाकलाय, वास येतोय." आणि आत आणून बसवलं. संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हे निघाले तेव्हा शिपायाने हात जोडले.

"तुमाला तुरुंगात घ्यायचं न्हाई म्हनून साहेबांनी सांगितलंय. तुमी भायेर दिसला तर बोलनी मला बसत्यात. माझी लेकरं ल्हान हायती, मास्तर."

लाठ्या खायची तयारी ठेवून असलेला माणूस या वाक्यापुढे थंड झाला. हे आत आले, टोपी खुंटीला लावली आणि घराकडे बघू लागले.

इथून माझे दिवस फिरले. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण यांनी ते घर दिवसाउजेडी असं कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी शाळा, दुपारी शाळा, संध्याकाळी वाचनालय. आता त्यांना दिसलं की फळ्या चुकीच्या उंचीवर आहेत, कोनाड्यांत पसारा आहे, स्वयंपाकघरात अंधार आहे आणि चूल तर अगदीच भलत्या जागी आहे. "ज्याला स्वतःचं घर सुधारता येत नाही, त्याने देश सुधारायच्या गोष्टी करू नयेत," असं म्हणाले. घर आमचं नव्हतं, भाड्याचं होतं. पण हे मी बोलले नाही.

पहिल्यांदा फळ्या झाल्या. डबे उंचीप्रमाणे लावायचे म्हणून त्यांनी फळ्या काढून वर ठोकल्या. लढाईमुळे खिळे मिळत नव्हते, तेव्हा जुनेच सरळ करून वापरले. काम सुबक झालं. फक्त फळ्या त्यांच्या हाताला येत होत्या, माझ्या नाही. मीठ हवं झालं की मला पाट ओढून त्यावर चढावं लागे. ते हे पाहत आणि म्हणत, "व्यायामही होतो."

मग चूल. आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. छताला उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असे, त्याला सवणं म्हणतात. यांचं म्हणणं, धूर सरळ वर जातो, म्हणून चूल बरोबर सवण्याखाली पाहिजे. त्यांनी माझी कोपऱ्यातली चूल फोडली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध नवी घातली. माती मळताना कोपरापर्यंत हात भरलेले, चेहऱ्यावर मोठं समाधान. पण पारनेरच्या माळावरचा वारा कुणाचं ऐकतो? तो सवण्यातून खाली घुसला आणि सगळा धूर घरभर पसरला. संध्याकाळी शिपाई हजेरीला आला तो दारातच खोकायला लागला.

"मास्तर, दिसत न्हाई तुमी. आवाज द्या."

"आहे," आतून हे म्हणाले.

"मग हजर लिवतो," म्हणून तो डोळे पुसत गेला. त्या धुरात मी पावसाळा संपून वारा पडेपर्यंत स्वयंपाक केला.

धुराने भिंती काळ्या झाल्या, म्हणून रंग काढणं आलं. कळीचा चुना पिंपात भिजवला. शुभ्रपणा यावा म्हणून चिमूटभर नीळ टाकतात, तेवढी माहिती यांना होती. चिमूट कुणाची हे माहीत नव्हतं. शिवाय शिपाई आता हजेरीला आला की तासभर बसायचा, त्यानेही मदत म्हणून अजून थोडी टाकली. घायपाताच्या कुंचल्याने दोघांनी मिळून सगळं घर रंगवलं. वाळल्यावर पाहतो तो भिंती आभाळासारख्या निळ्या. यांनी भिंतीवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "डोळ्यांना थंडावा मिळतो." शिपायानेही मान हलवली.

घर असं सुधारत असताना बोर्डाने यांचा पगार थांबवला. मी माहेरी कळवलं नाही. आहे त्यात भागवत होते.

दिवाळी झाल्यावर खिडकीची टूम निघाली. निळ्या रंगात स्वयंपाकघर आणखीच अंधारं दिसू लागलं होतं. यांनी घर आतून पावलांनी मोजलं आणि पूर्वेच्या भिंतीपलीकडे बोळ आहे असा हिशेब काढला. तिथे खिडकी पाडली की सकाळचं ऊन थेट चुलीवर येईल. मी म्हटलं, "बोळ कुठवर जातो ते एकदा बाहेरून बघून घ्यावं."

"मला बाहेर जाता येत नाही," ते म्हणाले. तेही खरंच होतं. मला जाता येत होतं, पण मला कुणी पाठवलं नाही.

शिपायाने कुठूनशी पहार आणून दिली. भिंत दगड-मातीची, हातभर जाड. एकेक दगड सुटू लागला. ऊन काही येईना. त्याऐवजी आला तो कांदा परतल्याचा वास, आणि मग शेवटचा दगड पलीकडे पडला तसा बाईमाणसाचा आवाज.

"कोन हाय?"

भोकातून आम्हाला शेजारच्या भाबींची चूल दिसत होती. बोळ आमच्या दारापाशीच संपत होता. पुढे भिंतीला भिंत लागून पिंजाऱ्याचं घर होतं. चाचा कापूस पिंजून गाद्या भरायचे, भाबी खोळी शिवायच्या. आम्ही शेजारी असून माझं त्यांच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं. मास्तरीणबाईंनी कुणाकडे बसू-उठू नये, अशी तेव्हाची रीत होती आणि यांना ती पटत होती.

भाबींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, भोकातून यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, दारातून आला असता तर च्या दिला असता की."

"मला दारातून यायची बंदी आहे," हे म्हणाले. अगदी गंभीरपणे.

भाबी हसल्या. त्यांच्या भाजीत माती पडली होती, तरी हसल्या. मलाही हसू आवरेना. यांना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

शिपाई घाबरला. डोकं भोकातून पलीकडे गेलं तर मास्तर घरात धरायचे की घराबाहेर, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं. त्याने ठाण्यात जाऊन विचारलं, तेव्हा फौजदार स्वतः पाहायला आला. त्याने निळ्या भिंती पाहिल्या, मधोमधची चूल पाहिली, पाटावर चढून डबा काढणाऱ्या मला पाहिलं आणि शेवटी ते भोक पाहिलं.

मी धीर करून म्हटलं, "साहेब, यांची फार इच्छा आहे. तुरुंगात पाठवता आलं तर बघा."

फौजदार म्हणाला, "नको बाई. तुरुंगाच्या भिंती सरकारी आहेत."

भोक बुजवायचं असं चाचांनी आणि यांनी ठरवलं. पण दगड यांनी आधीच मोरीचा कट्टा बांधायला वापरून टाकले होते. मग मोडक्या खाटेच्या लाकडांची चौकट बसली आणि तिला दोन झडपा, एक आमच्या बाजूने, एक त्यांच्या. खिडकी म्हणून तिचा काही उपयोग नव्हता. उजेड नाही, वारा नाही. पण तिच्यातून विस्तव मिळू लागला, विरजण मिळू लागलं. मी कोथिंबीर देई, भाबी लिंबाचं लोणचं देत. महिनाभरात त्यांनी मला विचारलं, "तुमाला शिवन येतं का?" मला येत होतं. तेव्हापासून गाद्यांच्या खोळी खिडकीतून इकडे यायच्या आणि शिवून तिकडे जायच्या. यांचा पगार बंद होता त्या दिवसांत आमची चूल त्या खोळींवर चालली. हे टकळीवर सूत काढत बसायचे आणि स्वावलंबनाचं महत्त्व सांगायचे. मी सुईत दोरा ओवत ऐकायची.

हात चालू असले की बोलणं सोपं जातं. भाबींची दोन मुलं तापात गेली होती. माझं एक पोटातच गेलं होतं, ते मी आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ते मी त्या खिडकीत सांगितलं. भाबींनी हात आत घालून माझ्या हातातली खोळ घेतली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आज. ही मी शिवते."

पुढच्या उन्हाळ्यात हुकूम उठला. गावाने यांना हार घातला. त्याच पारावर सभा झाली. यांनी भाषणात सांगितलं की, बंदिवासातही आपण स्वस्थ बसलो नाही. दोन समाजांमधली भिंत या हातांनी पाडली. टाळ्या पडल्या. भाबी आणि मी बायकांत शेजारी बसलो होतो. भाबी माझ्या कानाशी लागल्या. "मास्तरांस्नी बोळ पायजे हुता ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग त्ये भाषनात न्हाई सांगितलं, बरं केलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

ते भाषण पुढे तीन-चार वर्षं ठिकठिकाणी झालं. मग देशाची फाळणी झाली आणि दिवस बदलले. रोज काहीबाही कानावर यायचं. पारनेरात काही झालं नाही, पण लोक हळू आवाजात बोलू लागले. एका संध्याकाळी हे बाहेरून आले आणि आमच्या बाजूच्या झडपेला कडी बसवू लागले.

"थोडे दिवस," माझ्याकडे न बघता म्हणाले. "लोक विचारतात."

त्याच वेळी पलीकडूनही ठोकल्याचा आवाज आला. चाचाही कडी बसवत होते. त्यांनाही त्यांच्या लोकांनी विचारलं असणार. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला, दोघेही क्षणभर थांबले आणि पुन्हा ठोकू लागले.

चौथ्या दिवशी आमच्या घरात काडेपेटी नव्हती आणि दुकानातही नव्हती. हे पाटावर जेवणाची वाट पाहत होते. मी कडी काढली आणि पलीकडच्या झडपेवर टकटक केली. आतून कडी निघाल्याचा आवाज लगेच आला, इतका लगेच, की भाबी तिथेच उभ्या असाव्यात. त्यांनी पळीत निखारे दिले. यांनी सगळं पाहिलं. भाकरी वाढल्यावर म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

मी पाट ओढून वर चढले आणि मिठाचा डबा काढला. कडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि त्यांचं ते भाषणही मी पुन्हा ऐकलं नाही.

दोन वर्षांनी यांची बदली काष्टीला झाली. निघायच्या दिवशी सामान दारातून गाडीत चढत होतं आणि आम्ही दोघी खिडकीशी होतो. भाबींनी नवी शिवलेली उशी दिली. इतकी वर्षं खोळी शिवून माझ्या घरात गादी एकच होती, हे त्यांच्या लक्षात होतं. मी त्यांना काय द्यावं हे मला सुचेना. मग मी फळीवरून मिठाचा डबा काढून तसाच त्यांच्या हातात दिला. रिकामा देऊ नये म्हणून भरलेला दिला.

काष्टीच्या घराला चारी बाजूंनी खिडक्या होत्या. वारा यायचा, ऊनही यायचं. यांना तिथे सुधारण्यासारखं काही सापडलं नाही.