वीरवेणीचा नवस

गोदावरीकाठच्या आमच्या आत्रेयपुरममध्ये बाईच्या डोक्यावर केस नसले की कोणी कारण विचारत नाही, लाडू मागतात. तिरुपतीला, तिरुमलाच्या देवाला केस वाहून आलेल्या बाईच्या घरात प्रसाद असणारच, आणि तो वाटला नाही तर गल्ली वर्षभर नावं ठेवते. आमच्या लोकांच्या या भाबडेपणाचं पूर्वी कौतुक वाटायचं. वीरवेणीचं सगळं जवळून पाहिलं आणि ते आटलं.

वीरवेणी पूतरेकुलू, आमच्या गावची मिठाई, करायची. उपड्या मडक्याखाली जाळ घालायचा, पातळ पिठात बुडवलेलं फडकं मडक्याच्या पाठीवरून ओढायचं, क्षणात सुटलेला कागदासारखा पापुद्रा उचलायचा आणि मग त्यात तूपसाखर घालून घडी करायची. सगळा खेळ उजव्या हाताचा. त्याच बाजूच्या स्तनात गाठ लागली तेव्हा ती संक्रांतीच्या मागणीत बुडालेली होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिनं राहू दिली. दुखत नसली तरी दाखवावी, हे तिला सांगणारं घरात कोणी नव्हतं.

राजमुंद्रीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर आहे. आधी शिरेतून औषध देऊ, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक, मग काही वर्षं रोज एक गोळी. बरं होण्यासारखं आहे. पण मधेच सोडायचं नाही."

घरी हे कळल्यावर पहिल्यांदा दार लावून घेतलं ते तिच्या नणंदेनं. नूकरत्नम विधवा होऊन भावाकडे आली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घरात चालायचं तिचंच. वीरवेणीचा नवरा पापाराव बहिणीपुढे तोंड उघडायचा ते फक्त जेवताना.

"तुझ्या लोवाचं लग्न व्हायचंय अजून," नूकरत्नम म्हणाली. "आईला हे असलं म्हटल्यावर उंबऱ्यात कोण येईल? म्हणतील, आज आईला, उद्या पोरीला. झाकली मूठ राहू दे."

"आणि केस गेल्यावर काय सांगायचं, वन्सं?"

"ते माझ्यावर सोड."

शिरेतल्या औषधाची दुसरी पाळी येण्याआधीच उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. नूकरत्नमनं न्हाव्याला मागच्या दारानं बोलावलं, तुळतुळीत डोक्याला चंदन फासलं आणि पापारावला तिरुमलाच्या गाडीत बसवून दिलं. चंदन घरचं चालतं, लाडू मात्र तिथलाच लागतो. त्याचा वास आमच्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. पापाराव स्वतःचेही केस देऊन आला. त्याच दिवशी वीरवेणी डोक्यावरून पदर ओढून, अंधारातच एकटी बसनं औषध घ्यायला गेली आणि परतताना कंडक्टरच्या शिव्या खात खिडकीतून ओकली.

"जोडीनं नवस फेडलात! भाग्यवान ग बाई!" शेजारणी म्हणाल्या आणि लाडू खाऊन गेल्या.

पापारावचे केस भराभर उगवले. वीरवेणीचे उगवेनात. मग गल्लीनंच ठरवलं की तिनं दुसरा नवस बोललाय, मोठा. बायका येऊन तिच्या पाया पडायला लागल्या. आयुष्यभर धुरात डोळे फोडून घेतले तेव्हा कोणी "बस ग घटकाभर" म्हणालं नव्हतं, आणि आता खोट्यासाठी पाय धरत होत्या. तिला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं. ती आशीर्वाद द्यायची.

दवाखान्यात रेचल सिस्टर होत्या. त्या दर वेळी सांगायच्या, "गुरुवारी ये ग. तुझ्यासारख्याच बायका जमतात. भिंतीवर बोटं चढवत हात मोकळा कसा करायचा ते शिकतात, चोळीत घालायची कापसाची गादी शिवतात, नवऱ्यांना शिव्या देतात. औषधाइतकंच लागतं ते."

वीरवेणीला जायचं होतं. नूकरत्नमनं उडवून लावलं. "दहा गावच्या बायका येतात तिथे. एकीनं ओळखलं की पितळ उघडं पडलं!"

तेवढ्यात रावुलपालेमचं स्थळ आलं. मुलगा सत्तिबाबू केळीच्या व्यापारात, निर्व्यसनी. त्याची आई वरहालम्मा पदर घट्ट लपेटून ओसरीवर बसली, वीरवेणीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, आणि पोरीला गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, काही न विचारता म्हणाली, "आम्हाला हेच घर पसंत आहे."

"देवाला केस दिले ते फळलं बघ!" नूकरत्नम रात्री म्हणाली.

पुढे ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढली असं गावात सांगितलं. ते ऐकून आमच्याकडे कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. जखम भरली. आता शेक सुरू करायचा होता, आठवड्याचे पाच दिवस, सलग काही आठवडे, रोज राजमुंद्री. आणि मुहूर्त नेमका त्यातच आला.

"रोज नटूनथटून कुठे चाललीस म्हणून लोक विचारणार नाहीत?" नूकरत्नमनं विचारलं. "लग्नानंतर घे. यंत्र कुठे पळून जातंय?"

रेचल सिस्टर फोनवर चिडल्या. "यंत्र नाही पळत, रोग पळतो! काखेतल्या गाठींतही होतं तुझ्या. उशीर करू नकोस."

वीरवेणीनं त्या दिवशी बाकी सगळ्यांना सोडून फक्त लेकीला विचारलं. लोवा मेंदीचे नमुने बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं पुढचा नमुना काढला. मग खाली बघतच म्हणाली, "अम्मा, होऊन जाऊ दे ना लग्न."

वीरवेणी "बरं" म्हणाली. तिला राग आला नव्हता असं नाही. पण लेकीवर राग काढायचा कसा, ते कोणत्या आईला येतं?

विहिणीकडे पाठवायचे पूतरेकुलू तिनंच केले. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्या हाताला जाळाची धग लागू द्यायची नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं. पण या गावातल्या पोरीच्या लग्नात पापुद्रे विकतचे म्हणजे नाक कापलं गेलं असतं. हात सुजून मुसळासारखा झाला. लग्नात तिनं तो पदराखाली ठेवला.

लग्न झालं आणि आषाढ आला. आषाढात आमच्याकडे नवी नवरी माहेरी, सासरची माणसं येऊन-जाऊन. पुन्हा कुठे जायची सोय नाही. श्रावणात ती दवाखान्यात पोचली तेव्हा व्रणावर लाल, कडक दाणे उठले होते. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बोट फिरवलं आणि खुर्ची पुढे ओढली. रोग परतला होता. पुन्हा तपासण्या, पुन्हा औषध, मग शेक. थोपवता येईल, म्हणाल्या. मागच्या वेळचा 'बरं' हा शब्द या वेळी त्यांनी वापरला नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. वीरवेणी कोणाला न विचारता जिना चढून वरच्या खोलीत गेली. भिंतीला तोंड करून सातआठ बायका बोटं वर सरकवत होत्या. त्यातली एक वळली. वरहालम्मा होती.

दोघी बघत राहिल्या. सिस्टरना वाटलं, जुनी ओळख निघाली. त्यांनी हसून दोघींना शेजारी बसवलं.

"तुमचं कधी झालं, विहीणबाई?" वीरवेणीनं विचारलं.

"तीन वर्षं झाली. मीसुद्धा तिरुपतीच सांगितलं होतं." वरहालम्मा हळू बोलत होती. "तुमच्या ओसरीवर बसले आणि बघताक्षणी ओळखलं. भुवया नव्हत्या तुम्हाला. देव केस घेतो, भुवया नाही मागत."

"आणि बोलला नाहीत?"

"कशी बोलू? म्हणून तर पसंत केलं तुमचं घर. म्हटलं, उद्या माझं कळलंच, तर हे लोक कुठल्या तोंडानं बोलतील?"

"शेक घेतलात तुम्ही?"

"घेतला. वेळेवर."

वीरवेणीच्या अंगाची आग झाली. "मी तुमच्या मुहूर्तासाठी थांबले हो! एकदा कानात सांगितलं असतंत, 'जाऊन या, मी सांभाळते.' तेवढंच! आता आलंय परत."

वरहालम्मा रडायला लागली. सिस्टर एव्हाना सगळं समजल्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. पण पोरांना आता कळलं पाहिजे. मुलीनं डॉक्टरांना विचारून तपासण्या सुरू करायच्या. उद्या त्यांना मुलगी झाली, तर तिच्या दोन्ही आज्यांना हे होतं. हे लपवून कसं चालेल?"

"सांगू की," वरहालम्मा डोळे पुसत म्हणाली. "पण एवढ्यात नको. नवं लग्न आहे."

वीरवेणीनं डाव्या हातानं फोन काढून लोवाला लावला. तो जावयानंच उचलला.

"जावईबापू, मी नीट सांगते, नीट ऐका. मी तिरुपतीला गेलेच नव्हते. मला छातीचा कॅन्सर आहे, आणि तो परत आलाय. लोवाला ठाऊक होतं, तिला बोल लावू नका, मीच गप्प केलं होतं तिला. तिला इथे तपासायला घेऊन या."

सासूला तो अत्तय्या म्हणायचा. "अत्तय्या, हे... आमच्या अम्माला ठाऊक आहे?"

"ते त्यांनाच विचारा. इथेच बसल्या आहेत, माझ्या शेजारी. त्यांनाही सांगायचंय काहीतरी."

तिनं फोन पुढे केला. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांचे हात तसेच वर राहिले होते. वरहालम्मानं फोन घेतला आणि कानाला लावला.

"बाबू," ती म्हणाली, "जेवलास का?"