काचेआडची रांग

सोलापुरातल्या एका वाचनालयात मी काही वर्षे ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे काचेच्या कपाटांच्या किल्ल्या कमरेला अडकवून बसणारा माणूस. पुस्तके वाचकांच्या घरी गेली की कपाटे रिकामी दिसत, आणि कपाटे रिकामी दिसली की चिटणीसांना वाचनालय बुडाल्यासारखे वाटे. म्हणून कोणी बडा पाहुणा येणार असला की सगळी पुस्तके परत मागवायची आमची रीत होती.

त्या वर्षीही मागवली. भवानी पेठेतला एक गिरणी कामगार बॉयलरवरचे पुस्तक घेऊन आला. घरी तेलुगू बोलणारा, वयाने माझ्याहून मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करी. भट्टीत कोळसा टाकून टाकून त्याला खोकला जडला होता. बॉयलर चालवण्याची परीक्षा पास झाला तर हातातले फावडे सुटणार होते. त्या विषयावरचे मराठी पुस्तक आमच्याकडे एकच.

“मास्तर, परीक्षा धा दिवसांवर आली की. राहू द्या माज्याकडं.”

“पाहुणे परवा येताहेत. ते गेले की घेऊन जा.”

पुस्तकात खुणेला लाल सुताचा दोरा होता. कपाटात लोंबता दोरा बरा दिसत नाही, म्हणून मी तो ओढून टाकला.

पाहुण्यांना सर्दी झाली. भेट पुढे गेली, मग आणखी पुढे. तो रोज पाळी सुटल्यावर येऊन कपाटापुढे उभा राही.

“तितं दिसतंय की! हितंच बसून वाचतो, घरी न्हाय नेत.”

“एक काढलं की रांग मोडते रे.”

“मग त्या जागी माजं पायताण ठेवा. तेबी जुनंच हाय.”

वर्तमानपत्र वाचणारे दोघे हसले. मी हसलो नाही. किल्ली माझ्या कमरेला होती आणि चिटणीस कधी पुस्तके मोजत नसत, हे मला ठाऊक होते.

पाहुणे आले ते परीक्षा होऊन गेल्यावर. हार, गुलाबपाणी, चहा. कपाटांकडे पाठ करून बसले आणि शेरेबुकात लिहून गेले की पुस्तके उत्तम स्थितीत आहेत. असणारच, कोणी हात लावला नव्हता.

काही दिवसांनी तो आला. नापास झाला होता. पुढची परीक्षा वर्षाने. मी न मागता पुस्तक पुढे केले. तो पाने चाळू लागला.

“हितं माजा दोरा हुता.”

“पुस्तकात वस्तू ठेवू नयेत, असा नियम आहे,” मी म्हणालो. त्या क्षणी मला सुचले ते एवढेच.

तो बाकावर बसून, खोकत, पहिल्या पानापासून वाचू लागला.

पाहुण्यांचा शेरा चिटणीसांनी सुंदर अक्षरात उतरवून चौकटीत बसवला होता. मी स्टुलावर चढून त्यासाठी खिळा ठोकू लागलो. आवाजाने त्याने एकदा वर पाहिले. मी ठोकत राहिलो.