मेलडी मस्कतला, बेस चिंचवडला

चॉयरची एक गंमत आहे राव. गाणी विसरतात, किस्से राहतात. गेल्या नाताळात आम्ही नेमकं काय गायलो ते विचाराल तर मला डोकं खाजवावं लागेल. पण आमच्या टेनरच्या बुटांबद्दल विचारा, लगेच सांगतो. हल्ली घरात सांगायला कुणी नसतं, त्यामुळे किस्से नुसते साचत चाललेत. बसा, चहा टाकतो.

* * *

आधी माझी ओळख. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर्सला आहे, राहतो चिंचवडला, आणि रविवारी आमच्या मराठी चर्चच्या चॉयरमध्ये बेस गातो. बेस म्हणजे चार आवाजांतला सगळ्यात खालचा. गाण्याची चाल सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे. आम्ही फक्त खालून धरून ठेवायचं.

चॉयरमास्तर दानिएल सरांनी माझा आवाज तपासला तेव्हा मी हौसेनं वरची चालच लावली. सरांनी पेटी थांबवली. म्हणाले, "सुधाकर, देवानं तुम्हाला गच्ची दिली नाही, पाया दिलाय. त्याची स्तुती तिथूनच करा. तक्रार असेल तर माझ्याकडे नको, वर करा."

मी तक्रार केली नाही, कारण चाल गाणारी शालिनी शेजारीच उभी होती. पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं.

* * *

शालिनी नर्स आहे. नोकरीसाठी मस्कतला गेली. "दोन वर्षांत येते," म्हणाली होती. करार वाढला, मग परत वाढला. ती इथं असताना आमची प्रॅक्टिस घरीच व्हायची. ती कणीक मळता मळता चाल गायची, मी टेबलाशी बसून बेस. ती गेली आणि टेबलाशी नुसता बेस उरला.

नुसता बेस ऐकलाय कधी तुम्ही? एक सूर, बराच वेळ तोच. मग दुसरा. मग परत पहिला. शेजारच्या गित्तेवहिनी लातूरकडच्या, बोलायला एकदम मोकळ्या. एका संध्याकाळी दार वाजलं, बघतो तर वहिनी हातात काढ्याचा पेला घेऊन उभ्या.

"भाऊजी, ताप हाय का? दोन-तीन दिवस झालं, कण्हायलाव."

"कण्हत नाही हो वहिनी. देवाचं गाणं आहे."

वहिनींनी जरा विचार केला. "मग गाणं कधी सुरू व्हणार?"

काढा भयंकर कडू होता. मी सगळा प्यायलो. दार वाजवून कुणी तब्येत विचारलीय, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

* * *

आता ते बूट. आमचा टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, याकोब फोर्कलिफ्ट चालवतो. शिफ्ट सुटली की थेट चर्चला. वरून चॉयरचा पांढरा गाऊन, खाली टणाटण वाजणारे सेफ्टी शूज. तो जागेवर जाईपर्यंत पाळकसाहेब प्रार्थना सुरू करत नाहीत, कारण केली तरी कुणाला ऐकू जात नाही.

एरवी याकोब गाताना हमखास दुसऱ्यांच्या मागे फरफटत जातो. एका रविवारी मात्र असा गायला, की सूर तसूभर हलला नाही. उपासना संपल्यावर सर म्हणाले, "शाब्बास."

याकोब म्हणाला, "काय?"

"अरे, शाब्बास म्हणतोय."

"काय?"

मग त्यानं कानाला हात लावला आणि कंपनीचे इअरप्लग काढले. "शिफ्टपासून कानातच राहिले वाटतं. कुणाचंच ऐकू येत नव्हतं सर, नुसतं तुमच्या हाताकडे बघून गायलो."

सर म्हणाले, "पुढच्या रविवारी सगळ्यांना एकेक जोडी घेऊन ये."

* * *

डिसेंबरात आम्ही घरोघरी जाऊन कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गातो. एका वर्षी सगळ्यांनाच ओव्हरटाइम लागला. देहूरोडला आमच्या मंडळीतल्या एका आजींच्या दारात पोचलो ते फक्त मी आणि याकोब. ठरल्याप्रमाणे गायलो. आजींनी शांतपणे ऐकलं, मग रस्त्याकडे बघत विचारलं, "बाकीचे गाडी लावतायत का?"

कुणी नाही म्हटल्यावर आजींनी डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच चाल धरली. आवाज थरथरत होता, पण चाल होती, आणि चर्चबाहेर कित्येक महिन्यांनी माझ्या बेसला वर काहीतरी होतं. परत येताना मला रडू आलं. याकोबला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली. आपल्या भागात हे कुणालाही पटतं.

* * *

मग मी शालिनीबरोबर फोनवर गायचं ठरवलं. ते काही जमेना. माझा आवाज तिच्याकडे जरा उशिरा पोचायचा, म्हणून ती थांबायची. ती थांबली की मी थांबायचो.

"अहो, तुम्ही मागे पडताय."

"मी नाही पडत, तू थांबतेस."

पहिल्या ओळीलाच भांडण. मग ती विचारायची, "जेवलात का?"

मला फार काही नको होतं हो. तिच्याबरोबर एक गाणं, पहिल्या ओळीपासून आमेनपर्यंत, एकदाच.

* * *

ईस्टर जवळ आला. शालिनीच्या जागी आलेली नवी सोप्रानो लग्न होऊन नाशिकला गेलेली. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा चार आवाजांचं गाणं नको. कीबोर्डवाली मुलं गातील." दानिएल सरांनी याकोबकडे बघितलं, आणि त्यांना इअरप्लग आठवले.

"शालिनी मस्कतहून गाईल," सर म्हणाले. "सुधाकरचा फोन माइकपाशी ठेवायचा आणि तिच्या चालीवर आपण गायचं. फक्त तिनं आपल्याला ऐकायचं नाही. ऐकलं की ती थांबणार."

नाइट ड्यूटी करून शालिनी हॉस्टेलच्या खोलीत बसली. तिनं फोनचा आवाज बंद केला, फोन पालथा ठेवला आणि गायला लागली. इकडे चर्चमध्ये माइकमधून तिची चाल आली. तिच्याखाली मी बेस धरला. पहिलं कडवं असं झालं, की लोकांनी हातातली पुस्तकं मिटली.

दुसऱ्या कडव्याला फोन कट झाला.

आल्टोच्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या, बायका थांबल्या. याकोब थांबला. सरांचा हात हवेतच राहिला. याकोबनं फोन परत लावून बघितला, पण आवाज बंद असलेला फोन ती कशी उचलणार? त्यानं तो पुन्हा माइकपाशी ठेवला.

मी थांबलो नाही. तिकडे ती गातच असणार. ती श्वास कुठे घेते, कुठे रेंगाळते, शेवटच्या कडव्याआधी किती थांबते, सगळं मला पाठ आहे. मीही तेवढंच थांबलो. ईस्टरचं भरलेलं चर्च, आणि त्यात माझा एकट्याचा बेस. एक सूर, बराच वेळ तोच. मग दुसरा. कुणी हसलं नाही. आमेन झालं आणि मी खाली बसलो.

तेवढ्यात माइकपाशी फोन वाजला. याकोबनं घाईत उचलला, आणि शालिनीचा आवाज अख्ख्या चर्चला ऐकू आला.

"अहो, मी सगळी कडवी गायले. इकडे मला काही कळतच नव्हतं, आत्ता बघते तर फोन कट. तुम्ही होतात ना शेवटपर्यंत?"

"होतो," मी म्हणालो.

"आत्ताच आमेन झालं ना?"

"आत्ताच."