डिलीट करताना आबांनी धरलेला हात

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच वाचते. वाचून झालं की नवऱ्याला सांगते, "आज परत कोणाला तरी वळणावर बाई दिसली." माझं कामच असं आहे की प्रत्येक घटनेचं कारण कुठेतरी लिहिलेलं असतं. सर्व्हर बंद पडला तर का पडला, ते लॉगमध्ये सापडतं. नाही सापडलं तर आपण नीट शोधलेलं नसतं... बस. पंधरा वर्षं मी हेच मानत आले. म्हणून हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

मी माहेरची फैजपूरची, सासर धुळ्याचं. देवपुरात आमचं घर आहे. पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरूनच काम करते. नवरा शाळेत शिक्षक. सासरे, म्हणजे आबा, नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. ही गोष्ट घडली त्याच्या सहा महिने आधी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. "पानी", "व्हय", "बस"... दिवसाकाठी एवढेच शब्द. सासूबाई आणि मी आळीपाळीने त्यांचं करायचो. त्या काळातला माझा थकवा काय होता हे ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलं आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

आता कामाचं थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या कंपनीकडे डायलिसिस सेंटरचं एक सॉफ्टवेअर होतं. जळगाव-धुळ्याकडची अकरा सेंटर ते वापरायची. कोणत्या पेशंटची पाळी कधी, अंगातलं किती पाणी काढायचं, कोणतं इंजेक्शन किती... सगळी नोंद त्यात. हे सॉफ्टवेअर भाड्याच्या मशीनवर चालायचं. अशा चार-पाच मशीनची मोट बांधून ती एकच असल्यासारखी चालवायची, याला क्लस्टर म्हणतात. मशीन कुठे आहेत, कशी दिसतात, आपल्याला माहीत नसतं. आपण घरी बसून काळ्या स्क्रीनवर एक कमांड लिहायची — क्रिएट, मग नाव, कुठल्या शहरातल्या मशीन, किती, केवढ्या — आणि एंटर दाबून वाट बघायची. दहा-पंधरा मिनिटं स्क्रीनवर नुसते ठिपके सरकत राहतात. मग क्लस्टर तयार. बंद करायचा तर तसंच, एक कमांड. ती विचारते, नक्की का? आपण वाय दाबायचं. सगळं जातं.

जुना क्लस्टर फारच जुना झाला होता. नवीन बनवायचा, सगळी माहिती तिकडे न्यायची आणि जुना बंद करायचा, असं ठरलं. त्यासाठी रविवार निवडला, कारण रविवारी अकराही सेंटर बंद. तसा मेलच होता सगळ्यांचा.

मे महिना होता. नवरा कुठल्याशा प्रवेश परीक्षेच्या ड्युटीवर. सासूबाई पहूरला भाचीच्या लग्नाला गेलेल्या — सहा महिन्यांत पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या, त्यामुळे मीच आग्रह करून पाठवलं होतं. घरात कूलर एकाच खोलीत, म्हणून आबांची खुर्ची मी माझ्या टेबलाशेजारीच आणून ठेवली. सकाळी त्यांची आंघोळ, कपडे, पेज, गोळ्या. मग अकरा वाजता मी बघितलं, जुन्या क्लस्टरवर कोणी आहे का. कोणी नव्हतं. शून्य. सगळ्या नोंदींची कॉपी घेतली. खरं म्हणजे त्याच वेळी जुन्याला कुलूप लावायला हवं होतं, म्हणजे नवीन नोंद कोणाला करताच आली नसती. मी लावलं नाही. सेंटर बंद आहेत, कशाला, असं वाटलं. ती चूक माझी, ती मी मान्य करते.

साडेबाराला नवीन क्लस्टरची कमांड दिली. ठिपके सरकू लागले तोवर आबांना भरवलं. भात निम्मा आत, निम्मा टॉवेलवर. परत येऊन बघते तर चार मशीनपैकी तीन आलेल्या, चौथी नाही. आमच्या खात्याला जेवढ्या मशीन घ्यायची परवानगी होती तेवढ्या भरल्या होत्या, जुन्या अजून चालू होत्या ना. मर्यादा वाढवून मागायची तर सोमवारशिवाय उत्तर येणार नव्हतं. आणि तीन मशीनवर सोमवारी सकाळी सातला अकरा सेंटर एकदम सुरू झाली असती तर सगळं बसलं असतं.

पुण्यात माझा सहकारी आहे, अमेय. त्याला फोन केला.

"जुना उडव ना," तो म्हणाला. "कॉपी झालीय. जागा मोकळी होईल, चौथी आपोआप येईल."

"संध्याकाळपर्यंत ठेवायचा ठरलं होतं."

"ताई, वापरणारं कोणी आहे का? मग?"

मलाही ते पटलं. मला फक्त संपवायचं होतं. पाठ दुखत होती, आबांचा टॉवेल भिजवायचा होता, मी स्वतः जेवले नव्हते. फोन ठेवला आणि डिलीटची कमांड लिहिली. जुन्या क्लस्टरबरोबर त्याच्या डिस्कही जाणार होत्या, म्हणजे माघारी फिरायची सोय नाही. स्क्रीनवर प्रश्न आला — नक्की का?

माझं बोट वायवर होतं, आणि आबांनी माझं मनगट धरलं.

डाव्या हाताने. तो हात चालायचा, पण त्यात पेला धरायचीही ताकद राहिली नव्हती. त्या दिवशी मला बोट हलवता येईना.

"बंद नको करू," आबा म्हणाले. "तठे एक बाई बठेल शे."

तिथे एक बाई बसली आहे, असं; धुळ्याकडच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. सहा महिन्यांत त्यांनी पूर्ण वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तेही स्वच्छ, जीभ न अडखळता.

मला वाटलं, त्यांना जुनं काही आठवत असेल. एखाद्या गल्लीतली बाई, नळाला हंडा लावून बसलेली. मी हळूच म्हणाले, "कोण बाई, आबा? कुठे?"

"एदलाबादले."

मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात.

"तिनं व्हऊ दे," ते म्हणाले, म्हणजे तिचं होऊ दे. "मंग कर बंद."

आणि हात सोडला.

इथे मला खोटं लिहायचं नाही. मी घाबरले नाही, अंगावर काटाबिटा काही आला नाही. मला राग आला. म्हाताऱ्या, आजारी माणसाशी वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून मी एन दाबलं आणि म्हणाले, "बरं आबा, नाही करत. हे बघा, दाखवते तुम्हाला, कोणी नाहीये." लहान मुलाला पलंगाखाली वाकून दाखवतात तसं. सकाळी जे बघितलं होतं तेच परत उघडलं — आत्ता कोण वापरतंय.

शून्य यायला हवं होतं. एक आलं. सेंटर, मुक्ताईनगर. शेवटची नोंद चार मिनिटांपूर्वीची.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सेंटरचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली आणि तिथल्या टेक्निशियनने उचलला. प्रशांत नाव त्याचं.

"आज सुरू कसे तुम्ही? रविवार आहे ना?"

"मॅडम, काल दिवसभर लाईट नव्हती. जनरेटर पण बसला. कालचे पेशंट आज बोलावले. बाकीचे सकाळच्या पाळीला येऊन गेले, त्यांचं कागदावरच केलं. एक बाई उरल्यात, त्यांची नोंद आत्ता टाकतोय."

"बाई?"

"हो ना, बाहेर बसल्यात बाकावर. काल घरात पडल्या त्या, डोक्याला लागलंय. डॉक्टर फोनवर म्हणाले, रक्त पातळ करायचं इंजेक्शन अजिबात द्यायचं नाही, डोक्यात रक्तस्राव होईल. तेच टाकलं आत्ता. पुढच्या पाळीला दुसरा मुलगा असतो, त्याला कळायला पाहिजे. का हो मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं चालू द्या. संपलं की मला फोन करा."

सकाळी अकराच्या कॉपीत ही नोंद नव्हती. मी वाय दाबलं असतं तर ती गेली असती, आणि मंगळवारच्या पाळीला स्क्रीनवर त्या बाईंच्या नावापुढे नेहमीचा डोस दिसला असता. कदाचित प्रशांतने कागदावर लिहून ठेवलं असतं. कदाचित बाईंनीच सांगितलं असतं. कदाचित.

मी वळून बघितलं तर आबा मान खाली घालून झोपले होते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. पुसली. डायलिसिसला चार तास लागतात. तोवर मी टॉवेल धुतला, जेवले, आबांना कुशीवर वळवलं. संध्याकाळी प्रशांतचा फोन आला, झालं म्हणून. या वेळी आधी कुलूप लावलं, मग नव्याने कॉपी घेतली, त्या बाईंची नोंद डोळ्यांनी बघून घेतली आणि जुना क्लस्टर बंद केला. थोड्याच वेळात चौथी मशीन आली.

नंतर मी माझ्या सवयीप्रमाणे कारण शोधलं. अमेयशी बोलताना मी मुक्ताईनगरचं नाव घेतलं होतं का? नाही, त्याला विचारून खात्री केली. तिथे सेंटर चालू आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आबांनी स्क्रीनवर वाचलं? त्यांना इंग्रजी येत नाही, आणि त्या क्षणी स्क्रीनवर फक्त जुन्या क्लस्टरचं नाव होतं, गावाचं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, आबांचं मुक्ताईनगरला कोणी आहे का. तो म्हणाला, "कोणी नाही. लहानपणी मुक्ताईच्या दर्शनाला एकदा गेलो होतो, बस." आणि मग म्हणाला, "अगं, व्हॉल्व्हमन होते ते. शेवटच्या घराचं पाणी भरल्याशिवाय बंद करायचे नाहीत. तेच डोक्यात असेल." हे मला पटलं. म्हणजे बाईपर्यंत पटलं. गावापाशी अडलं.

सोमवारी आबांना विचारलं. "आबा, काल कोण बाई म्हणत होतात?" "पानी," म्हणाले. त्यानंतर ते पूर्ण वाक्य कधीच बोलले नाहीत. त्याच पावसाळ्यात गेले.

मीही हे एक योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण दिवाळीनंतर नवीन सॉफ्टवेअर समजावून द्यायला मला सेंटरना जावं लागलं. मुक्ताईनगरला प्रशांतने चहा मागवला आणि आतल्या एका पेशंटकडे बोट केलं. "त्याच बाई, मॅडम. त्या रविवारच्या." इंदूबाई नाव. साठीच्या असतील. हाताला नळ्या लावलेल्या, तरी गप्पांना तयार. मी फैजपूरची म्हटल्यावर तर आमच्याकडच्या बोलीत मोकळ्याच झाल्या.

मी सहज म्हणून विचारलं, त्या दिवशी खूप वेळ बसावं लागलं ना?

"लय वेळ," त्या म्हणाल्या. "डोकं ठणकत व्हतं. मशीन धुवाले टाइम लागते म्हने. मी तं घरी जायाले उठलीच व्हती. मंग ते बाबा म्हनले, बस म्हने, व्हई जाई तुनं."

"कोण बाबा?"

"काय म्हाईत. बाकावर बसेल व्हते. कोन्या पेशंटसंग आलेले असतीन." मग हसून म्हणाल्या, "आपल्याकडचे नव्हते पन. शे शे करत व्हते. धुळ्याकडले व्हते ते."

प्रशांत मागेच उभा होता. तो म्हणाला, "मावशी, त्या वेळी तुम्ही एकट्याच होत्या की बाहेर."

इंदूबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारू लागल्या, फैजपूरला कुठल्या गल्लीत घर, वडलांचं नाव काय. मी सांगत गेले. त्या बाबांबद्दल मी पुढे काही विचारलं नाही. ते कसे दिसत होते, हात कसा होता... विचारता आलं असतं. परतीच्या बसमध्ये भुसावळपर्यंत मी स्वतःला हेच म्हणत होते, की विचारायला हवं होतं. आणि मला तेव्हाही माहीत होतं, की परत गेले तरी विचारणार नाही.

सासूबाईंना हे सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो उठून गच्चीवर गेला.

आमच्या कंपनीत असं काही झालं, किंवा होता होता राहिलं, की एक फॉर्म भरावा लागतो. काय घडलं, कोणाची चूक, पुढे काय काळजी घेणार. ते सगळं मी त्याच आठवड्यात भरलं, माझ्या चुकीसकट. एकच रकाना राहिला आहे — हे वेळेत कसं लक्षात आलं? अमेय अधूनमधून मेसेज करतो, "ताई, तो फॉर्म अजून उघडाच दिसतोय." मी तो उघडते. रकान्यात कर्सर लुकलुकत असतो. फॉर्म बंद करते आणि त्याला लिहिते, "उद्या भरते."