वन्संनी मिश्री सोडली

फोन आला तेव्हा आम्ही आमच्या गावी, भऱ्यात, खळ्यावर भात झोडत होतो. दवाखान्यातून भाचा एवढंच म्हणाला, "मामी, आई गेली..." माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. माझ्या थोरल्या नणंदेला, सुमनवन्संना, तोंडाचा कॅन्सर होता. हे कधीतरी ऐकावं लागणार, हे ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग...

नवरा गेल्यापासून वन्सं आमच्याकडेच राहत. रिह्याच्या खोऱ्यात त्या सरकारी नर्स होत्या. तिथल्या बायका तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावत, गरोदरपणातही. बाळाला ती बाधते, हे वन्सं घसा फोडून सांगायच्या. पण लहानपणापासून त्या स्वतःही लावायच्या. कातकरी वस्तीवरच्या बारकीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं वन्संना तोंडावर विचारलं, "सिस्टर, तुमचंच दात काळं हायेत. मंग मला कशाला सांगता?"

वन्संनी पिशवीतली आपली मिश्रीची डबी काढून तिच्यासमोर धरली. मग म्हणाल्या, "बरं. दोघी मिळून सोडू."

घरी येऊन त्यांनी डबी चुलीत रिकामी केली. पुढे कितीतरी दिवस डोकं धरून बसायच्या, माझ्यावर उगाच खेकसायच्या. एकदा बारकी झोपडीमागं लपून मिश्री लावताना सापडली आणि रडायलाच लागली. वन्सं तिच्याशेजारी मातीत बसल्या. "मलाबी आज लई वाटत होतं गं..." एवढंच म्हणाल्या. बारकीनं हळूहळू कमी करत शेवटी सोडली. तिला चांगली बाळसेदार मुलगी झाली. तिचं रडणं वन्संनी मला फोनवर ऐकवलं होतं.

वन्संनीही पुन्हा मिश्रीला हात लावला नाही. तरी काही वर्षांनी जिभेखाली जखम झाली, ती भरलीच नाही. "मला उशीर झाला," त्या म्हणाल्या, "बारकीला न्हाई झाला." ऑपरेशननंतर चेहरा वाकडा झाला, बोलणंच गेलं. तशातही हट्टानं वस्तीवर गेल्या; मी सोबत होते. एका पोटुशा पोरीसमोर त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. ती दचकून मागं सरली. वन्संचे डोळे भरून आले. तेव्हा बारकीच पुढं झाली. "भिऊ नगं. ह्या सिस्टरनीच माझी पोर वाचवली."

वन्संचं तेरावं झाल्यावर, गेल्या आठवड्यात मी त्यांच्या उपकेंद्रात गेले होते. ओसरीवरच्या बाकावर बारकी आणि ती पोटुशी पोर बसल्या होत्या, मधे एका माणसाची जागा सोडून. मी तिथं टेकणार, तेवढ्यात बारकी म्हणाली, "वहिनी, जरा पलीकडं बसा. हितं सिस्टर बसायच्या."

मी पलीकडं बसले.