रिक्षाकाकांची यादी

मुलं रिक्षात चढायला लागली की काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं, नजर मुलांच्या पायांवर. "चढा, चढा. दांडी धरा. मी हाय हितंच." कुणी दप्तरासकट मागे कलंडलं तर त्यांचे हात सुटायचे, अर्ध्यापर्यंत पुढे यायचे आणि पुन्हा पाठीमागे जायचे.

तुम्ही कर्वेनगरात राहत असाल तर शाळा सुटताना त्यांना पाहिलंही असेल. पाहून वाटलं असेल, हा माणूस आळशी तरी आहे नाहीतर तुसडा तरी. दोन्ही चूक. ते हात आम्ही बांधायला लावले होते.

आम्ही म्हणजे आमची समन्वय समिती. मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून आमच्या भागातल्या सात संस्था एकत्र आल्या. दोन सोसायट्या, एक महिला मंडळ, एक गणेश मंडळ, शाळेचा पालक संघ, शाळेच्या रिक्षावाल्यांची संघटना आणि मुलांसाठी काम करणारी एक संस्था. या शेवटच्या संस्थेची ताई सोडली तर आमच्यापैकी कुणालाही या कामातलं काही कळत नव्हतं. हेतू मात्र सगळ्यांचे उत्तम होते. उत्तम हेतूच्या पुणेकरांची बैठक कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको. मी बँकेतून निवृत्त झालेली, अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं.

रिक्षा संघटनेने काकांना पाठवलं, कारण दर दुसऱ्या शनिवारी दुपारी बाकीच्या रिक्षावाल्यांना झोप यायची. काका शिवण्याचे. शेत होतं तिथे आता इमारती आहेत, आणि त्या इमारतींतली मुलं काका शाळेत नेतात, असा सगळा प्रकार. बैठकीत ते दाराजवळच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसत आणि तासाभराने हात वर करत. "माझा जरा घोळ होतोय, ताई."

हे वाक्य ऐकलं की एका सोसायटीचे अध्यक्ष घड्याळाकडे बघत. मीही बघायची, खोटं कशाला बोलू?

चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श यावर ताईने रिक्षावाल्यांचं शिबिर घेतलं, त्यानंतरच्या बैठकीतला घोळ नाकाचा होता. "बारकी पोरं हायती. नाक वाहतंय. पुसायचं का नाय?"

"आधी त्याला विचारा, काका. रुमाल त्याच्या हातात द्या."

"नाक वाहतंय तवा त्यो कसला इचारायच्या तावडीत घावतोय? बाहीनं पुसून मोकळा हुतो."

पाऊण तास यावर खल झाला. महिला मंडळाच्या बाईंचं म्हणणं, नाक हा चेहऱ्याचा भाग असल्याने हरकत नसावी. पालक संघाचं म्हणणं, एकदा सूट दिली की सीमा राहत नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, 'नाकाच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली.' निर्णय काय झाला ते मला तेव्हा कळलं नाही आणि वही उघडून बघितली तर आजही कळत नाही. काकांनी पुढच्याच आठवड्यात डझनभर रुमाल आणले, रिक्षात दोरीवर वाळत घातले आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले.

मग एक छोटा मुलगा पायरीवरून घसरून पडला. काकांचे हात पाठीमागेच होते. गुडघा सोलवटला, मुलगा रडतोय, आणि काका समोरच्या फुलवाल्या बाईंना हाका मारतायत, "ओ ताई, जरा उचला की याला!" संध्याकाळी मुलाच्या आईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. हात नाही का लावता आला तुम्हाला? काकांनी तोच प्रश्न जसाच्या तसा बैठकीत आणला. आम्ही ठराव केला, 'आवश्यक तेथे योग्य तो स्पर्श करावा.'

"योग्य म्हंजे कुठवर?" काकांनी विचारलं. त्यावर चहा आला.

पण एक नियम आमच्याकडे पक्का होता, आणि त्यातले नेमके शब्द काकांचे होते. कुणाविरुद्ध तक्रार आली तर चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवायचं. मी आधी लिहिलं होतं, 'त्या रिक्षाचालकास, शिपायास किंवा मदतनिसास.' काका उठून उभे राहिले. "तसं नगा लिवू, मॅडम. तो कुणीबी असू दे, असं लिवा. न्हायतर सगळं आमच्याच डोक्यावर येतं. बंगलेवाल्याला कोण इचारत नाय." ताईने जोरात मान हलवली. अध्यक्षांना ते फारसं रुचलं नाही. मी लिहिलं, 'तो कोणीही असो.'

आता त्या मुलीबद्दल सांगते. तिचं नाव लिहीत नाही. दुसरीत होती, शाळेपासून सगळ्यात जवळच्या इमारतीत राहायची. म्हणजे रिक्षा सुटली की पहिलं घर तिचं. आई खराडीला नोकरीला, यायला सात वाजत. घरी आजी, तिला ऐकू कमी. मुलगी घरी पोहोचली की एक वाजता शिकवणीचे सर यायचे, तासभर.

एके दिवशी ती गेटवर उतरलीच नाही. "काका, मला आज शेवटी सोडा." काकांना वाटलं, हौस असेल. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी रिक्षात अखंड बडबडते आणि गेट दिसलं की गप्प होते. त्यांनी तिला काही विचारलं नाही. शिबिरात ताईने सांगितलं होतं की खोदून विचारू नका, आम्हाला कळवा. ते तिला रोज शेवटी सोडत राहिले, आणि सांगितल्याप्रमाणे शनिवारी त्यांनी आम्हाला कळवलं.

"पोरगी घरी उतरत नाय. काय हाय ते मला कळत नाय. पण कायतरी हाय."

त्या दिवशी नेमकी ताई बाहेरगावी होती. पालक संघ म्हणाला, शाळेत ती छान असते, तेव्हा प्रश्न घरचा दिसतो. अध्यक्ष म्हणाले, ती इमारत आमच्या सोसायटीत येत नाही. महिला मंडळ म्हणालं, आम्ही जागृती करतो, कुणाच्या घरात शिरत नाही. गणेश मंडळाचा तरुण म्हणाला, "सांगाल ते करू," पण काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. सगळे मनापासून हळहळले. वहीत शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, हे काम कुणी करायचं. मी लिहिलं, 'सर्व.' आणि वही मिटली.

ताईला मी त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. केला नाही. इतिवृत्त महिनाअखेरीला सगळ्यांना जातंच, असा मी विचार केला. बँकेत तीस वर्षं काढली की माणसाला वाटतं, कागद गेला म्हणजे काम झालं.

महिनाअखेर यायच्या आत मुलीच्या आईचा फोन आला. शिकवणीच्या सरांनी तिला सांगितलं होतं की रिक्षावाला तुमच्या मुलीला रोज पाऊण तास एकटीला घेऊन फिरतो. सरांना पंधरा मिनिटंसुद्धा शिकवायला मिळत नाहीत. "अहो, माझ्या मुलीला एकटीला, रोज? तुमची समिती आहे ना? मग करताय काय तुम्ही?"

मी काकांना बोलावून घेतलं. तक्रार वाचून दाखवली. ते भांडतील असं मला वाटलं होतं, खरं म्हणजे त्यांनी भांडावं असंच वाटत होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बैठकीत सांगितलं हुतं की मी."

"हो, काका. पण नियम आहे."

"हाय की. मीच लिवून घेतलाय." मग म्हणाले, "उद्याच्याला पोरांचं काय?"

त्यांनी माझ्याकडून कागद मागितला आणि बदली रिक्षावाल्यासाठी यादी लिहिली. कुणाला वळणावर उलटी होते. कुणाची बाटली सीटखाली राहते. कोण दांडी सोडून उभा राहतो. आणि त्या मुलीच्या नावापुढे, ठळक अक्षरात, 'हिला शेवटी सोडणे.'

ते गेल्यावर मी यादी पुन्हा वाचली. तक्रार तर नेमकी शेवटी सोडण्याचीच होती. ज्याच्यावर आरोप आहे त्याचीच सूचना दुसऱ्या रिक्षावाल्याला कशी द्यायची? समितीची जबाबदार सभासद म्हणून मी त्या ओळीवर काट मारली. पट्टी धरून मारली. मग यादी बदली रिक्षावाल्याला दिली.

चौकशी नऊ दिवसांनी झाली. ताई शाळेत गेली, नियमाप्रमाणे सोबत मी. ताईने मुलीसमोर खडू ठेवले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. अर्धा तास दोघींनी नुसती घरं आणि झाडं काढली. मग ताईने विचारलं, रिक्षाकाका तुला शेवटी का सोडायचे?

"मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "म्हणजे सर थोडाच वेळ असतात." खडू ठेवला आणि म्हणाली, "आता काका येत नाहीत. आता मी पहिली उतरते."

पुढचं ती जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ताईने तिला एकदाही थांबवलं नाही, घाई केली नाही. त्याच दुपारी आईला बोलावलं, पोलिसांत तक्रार दिली गेली, तो माणूस पकडला गेला. जबाबांच्या वेळी ताई त्या मायलेकींच्या सोबत होती, अजूनही असते. आईने खराडीची नोकरी सोडून घरून करता येईल असं काम घेतलं. मुलगी आता बरीच सावरली आहे असं ताई सांगते, आणि तिचं सांगणं मी खरं धरते.

माझा घोळ त्यानंतर सुरू झाला, तो अजून सुटलेला नाही. काकांनी सांगितलं तेव्हा त्या मुलीशी कुणीही बोललं नाही. काकांविरुद्ध तक्रार आली तेव्हा बोललो. म्हणजे तक्रार आली नसती तर? नियम पाळला म्हणून खरं बाहेर आलं, हे खरं. नियम पाळला म्हणून ती नऊ दिवस घरी पहिली उतरली, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं वर आणि कुठलं खाली ठेवायचं? ताई म्हणते, नियम बरोबरच होता, चूक 'सर्व' लिहिण्यात झाली. बरोबर आहे तिचं. पण पट्टी धरून मारलेल्या त्या काटेबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगते आहे.

समितीने काकांना निर्दोष असल्याचं पत्र दिलं. पालकांनी परत बोलावलं, त्या मुलीच्या आईने स्वतः घरी जाऊन माफी मागितली. काका परत आले नाहीत. बैठकीलाही नाहीत. पत्र महिनाभर माझ्या पर्समध्येच राहिलं. शेवटी त्यांच्या संघटनेतल्या एकाने सांगितलं की ते आता मार्केट यार्डाच्या गेटवर असतात, म्हणून मी तिकडे गेले.

रिक्षांच्या रांगेत ते दिसले. कांद्याच्या पिशव्या आणि फुलांचे हारे घेऊन येणारी गिऱ्हाईकं. एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी दंडाला धरून आत बसवलं, तिची पिशवी पायाशी नीट लावून दिली आणि तिला पत्ता विचारला. मग मला बघून त्या बाईला पुढच्या रिक्षात बसवून दिलं. मला म्हणाले, "बसा मॅडम, चहा सांगतो."

मी मागच्या सीटवर, ते पुढे, अर्धे वळून. पत्र त्यांनी घेतलं, वाचलं नाही, खिशात ठेवलं. "हितं बरं हाय," म्हणाले. "कुणाला धरलं तर कोण काय म्हणत नाय. नसंल धरायचं तर लोक सांगत्यात तोंडानं."

मी म्हटलं, मुलं आठवण काढतात. ते हसले. चहा संपला. निरोप घ्यायला म्हणून मी पर्स उचलली तर ते समोर, रस्त्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, एक इचारू? मी नव्हतो तवा तिला माझ्या यादीपरमानंच सोडली ना? शेवटी?"

समोरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला.

"हो," मी म्हटलं. "शेवटीच."

बदली रिक्षावाला त्यांच्याच संघटनेतला, त्यांच्याच गल्लीत राहणारा. या दोघांचं यावर बोलणं झालं नसेल असं होईल का? पण काकांनी माझ्याकडे मान वळवली आणि नीट, सावकाश बघितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. मग खाली उतरून माझ्या बाजूला आले आणि मला उतरता यावं म्हणून हात पुढे केला.