कॅप्टनचं मानधन

"मॅडम, उद्यापासून मी संध्याकाळी प्रॅक्टिसला नाय येणार," रंजना म्हणाली.

रंजना आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. मी तिथली क्रीडा संचालक, म्हणजे सोप्या भाषेत पी.टी.च्या बाई. आंतरकॉलेज लीग तोंडावर आली होती. नाशिकमध्ये या लीगला तिकीट लावूनही स्टेडियम भरतं. गंगापूर रोडच्या होर्डिंगवर रंजनाचाच फोटो होता.

"का गं?"

"दुकानाचे शेठ म्हणतात, सीझन आहे, सुट्टी नाय. मला खोलीचं भाडं, मेसचे पैसे लागतात."

ती पेठ तालुक्यातली. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कपड्यांच्या दुकानात काम. तिच्या फोटोवर तिकिटं खपत होती आणि ती साड्यांच्या घड्या घालत होती. मी थेट प्राचार्यांकडे गेले.

"सर, लीगच्या पैशातून मुलींना काहीतरी द्या."

"किट देतो, प्रवास देतो, फी माफ करतो. आणखी काय? त्या विद्यार्थिनी आहेत, नोकरदार नाहीत."

"त्यांच्यामुळे कॉलेजला स्पॉन्सर मिळालाय, सर."

"मान्य. पण आज कबड्डीला दिलं तर उद्या खो-खोला काय सांगू? त्यांना कोणी तिकीट काढून बघत नाही."

मग मी स्पॉन्सरना फोन लावला. चांदवडचे भाऊ, ठिबकच्या पाइपचा कारखाना. ते दुसऱ्याच दिवशी कॉलेजात आले.

"मॅडम, त्यात काय एवढं? त्या पोरीला मी देतो की दर महिन्याला. होर्डिंगवर तीच तर हाये."

मी खुशीत रंजनाला आत बोलावलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"एकटीला नको, भाऊ."

"का बरं?"

हे समजायला कबड्डीचा एक नियम माहीत हवा. खेळाडू बाद झाला की बाहेर बसतो. आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला, की आपला एक परत आत येतो. याला 'रिव्हाइव्ह' म्हणतात.

"मी दर मॅचला दोन-तीनदा आऊट होते," रंजना म्हणाली. "मागच्या पोरी पकड करतात, तेव्हा मी परत आत येते. फोटोत त्या नायत, एवढंच."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मग हसले. "बारा जणी ना? बराऽबर. सगळ्यांना सारखं."

प्राचार्यांनी एकच अट घातली: 'पगार' म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. मी म्हटलं, सर, तुम्ही 'प्रसाद' म्हणा, चालेल.

रंजनाने दुकान सोडलं. आठवड्याने मी तिला विचारलं, आता कसं वाटतंय?

"मॅडम, काल दुपारी झोपले. नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा."

फायनलला उत्तरार्धात ती लवकरच बाद झाली आणि बराच वेळ बाहेर बसून राहिली. अंगाने सगळ्यात बारीक अशी आमची कोपऱ्यात पकडीला उभी राहणारी मुलगी, मनीषा. तिने समोरच्या आडदांड रेडरचा घोटा असा धरला की ती रेडर जागची हललीच नाही. रंजना आत आली. शेवटच्या चढाईत तिने बोनस रेषा ओलांडून एक गुण आणला आणि आम्ही त्या एका गुणाने जिंकलो. भाऊ खुर्चीवर उभे राहून नाचले. खुर्ची मोडली, ते शाबूत राहिले. प्राचार्यांनी स्वतः पेढे वाटले आणि दिसेल त्याला सांगितलं की मानधनाची कल्पना मुळात त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या केबिनबाहेर खो-खोच्या मुली उभ्या होत्या. सगळ्या. अतिशय नम्रपणे.

त्यांच्यासाठी मी अजून स्पॉन्सर शोधतेय. खेळाडूंना पैसे द्यावेत का, या प्रश्नावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या अनुभवात तो सोपा आहे. कुणाकुणाला द्यायचे, तिथे खरं काम सुरू होतं.